साठ हिरव्या टोप्या आणि एक 'कळवतो'

ताई,

वय २९, चाकणच्या एका जर्मन कंपनीत विक्री विभागात आहे. जपानीच्या एन-३ पर्यंतच्या परीक्षा झाल्यात, म्हणून आमच्या जर्मन साहेबांबरोबर (वय ५८, माणूस मनाने चांगला) दौऱ्यावर मलाच पाठवतात. गेल्या वर्षी नागोयात त्यांनी समोरच्या संचालकांचं कार्ड पँटच्या मागच्या खिशात घातलं आणि त्यावर बसले. मीटिंगच्या मधोमध रुमाल काढून तुतारी फुंकावी तसं नाक शिंकरलं. जेवताना काड्या भातात उभ्या खोचल्या. निघताना बशीखाली हजार येनची नोट ठेवली, तर ती वेट्रेस बिचारी नोट परत द्यायला सिग्नलपर्यंत धावत आली. साहेबांना वाटलं तिला कमी पडले, म्हणून त्यांनी आणखी एक नोट काढली! मी कानात सांगायला गेले, तर म्हणाले, 'तू माझी आई होऊ नकोस.'

पुढच्या महिन्यात, नोव्हेंबरात, पुन्हा नागोया, मग चीनमध्ये सुझौ, मग सोल. या वेळी भेटवस्तूंची वेगळी सुटकेसच आहे. कंपनीचं नाव छापलेल्या साठ टोप्या (आमचा रंग हिरवा), टेबलावर ठेवायची बारा घड्याळं आणि सोलिंगेनच्या सुऱ्यांचे चार-चारचे संच. ती सुटकेस मी ओढायची आहे. मला रात्री झोप लागत नाही. त्यांना न दुखावता कसं सांगू? चुकले तर तिथल्या तिथे थांबवू, की नंतर निस्तरू? बाकी काम ठीक आहे. नागोयाची ऑर्डर जवळजवळ आल्यात जमा आहे, मार्चमध्ये 'विचार करून कळवतो' म्हणालेत, साहेबांनी ती वर्षाच्या आकड्यात धरलीसुद्धा.

– दोन सुटकेसवाली, चाकण

प्रिय दोन सुटकेसवाली,

ताई म्हटलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. हे सदर लिहायला लागायच्या आधी पंचवीस वर्षं मी जपानी दुभाषी म्हणून पोट भरलं. त्यातली निम्मी वर्षं इंग्रज, अमेरिकन, इटालियन पाहुण्यांना जपानभर हिंडवण्यात गेली. त्यामुळे तुझे साहेब मला चांगलेच ओळखीचे वाटले. पत्र वाचताना हसत होते, शेवटच्या वाक्याला हसू गेलं. त्या वाक्याकडे येते, पण आधी ती सुटकेस उघडू.

टोप्या सुझौला न्यायच्या नाहीत. एकही नाही. चिनी भाषेत एखाद्या पुरुषाने 'हिरवी टोपी घातली' म्हणजे त्याच्या बायकोचं बाहेर कुणाशी तरी आहे. आता चित्र डोळ्यांपुढे आण: साहेब साठ जणांना रांगेत उभं करून स्वहस्ते एकेकाला हिरवी टोपी घालतायत, आणि शेवटी उत्साहाच्या भरात स्वतःही एक घालून फोटोत मधोमध उभे राहतायत. मराठीतही 'टोपी घालणे' काही फार चांगलं नाही म्हणा, पण तिथलं त्याहून वाईट.

घड्याळं तर राहूच देत. चिनीत 'घड्याळ भेट देणे' याचा उच्चार 'मरणाऱ्याची अखेरची सेवा करणे' याच्याशी तंतोतंत जुळतो. यात तुझे साहेब एकटे नाहीत. २०१५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या परिवहन राज्यमंत्री सुझन क्रेमर तैपेईला गेल्या आणि तिथल्या महापौरांना, को वेन-जे यांना, खिशातलं घड्याळ भेट देऊन आल्या. पत्रकारांनी महापौरांना छेडलं, तर ते म्हणाले, भंगारवाल्याला विकून टाकीन. बाईंना जाहीर माफी मागावी लागली. (मग महापौरांवरही टीका झाली, ते वेगळं.) आणि ते निदान खिशातलं होतं, त्याला चिनीत शब्दच निराळा आहे. तुमची टेबलावरची आहेत, म्हणजे नेमका तोच अपशकुनी शब्द. बारा वेळा.

सुरी देणं म्हणजे संबंध कापणं, असं चीनमध्ये मानतात आणि जपानमधली जुनी माणसंही मानतात. त्यात संच चारचे. चारचा उच्चार जपानी, चिनी, कोरियन तिन्ही भाषांत मरणाच्या शब्दाजवळ जातो. सोलमध्ये लिफ्टची बटणं बघ, कित्येक ठिकाणी तिसऱ्यानंतर चौथ्याच्या जागी इंग्रजी 'एफ' दिसेल. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी नागोयाच्या उत्तरेला सेकी नावाचं गाव आहे, तिथे शेकडो वर्षं तलवारी आणि सुऱ्या घडवतायत. नागोयाकराला जर्मन सुरी देणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं.

मग न्यायचं काय? जर्मनीहून कुणी येत असेल तर मार्झिपान मागव, किंवा नाताळात खातात ती मसाल्याची बिस्किटं. मोठा डबा, पण आतला प्रत्येक नग वेगळ्या कागदात हवा, कारण जपानमध्ये असा डबा मोठ्या साहेबांच्या घरी जात नाही, ऑफिसात टेबला-टेबलावर वाटला जातो. डबा पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्यायचा आणि म्हणायचं, 'त्सुमारानाइ मोनो देसु गा.' तुझ्या पुस्तकात 'क्षुल्लक वस्तू आहे' असा काहीतरी अर्थ दिला असेल. तू मनातल्या मनात 'फूल ना फुलाची पाकळी' म्हण, कमरेतून बरोबर हवी तेवढीच वाकशील. साहेबांना एवढंच सांगून ठेव की त्यांना जे मिळेल ते तिथेच टराटरा फाडायचं नाही. जर्मनीत लगेच उघडून 'वा!' म्हणणं सभ्यपणाचं, तिथे ते बाजूला ठेवणं सभ्यपणाचं.

आता गेल्या वर्षीचे प्रताप. तू त्यांचं जेवढं मनाला लावून घेतलंयस तेवढं मी घेणार नाही. काड्यांचं वाईट दिसलं असेल, मान्य. मृताच्या पुढ्यात ठेवलेल्या भातात काड्या तशा उभ्या असतात, म्हणजे आपल्याकडे चालत्या पंगतीत कुणी पानात पिंड मांडावा तसं. टेबलावर क्षणभर सगळ्यांचा घास अडला असणार. पण परदेशी पाहुण्याकडे ते लोक या बाबतीत शेजारच्या घरातलं लहान मूल समजून बघतात. मूल सांडणार, हे गृहीत.

आणि सांडायचं म्हणजे किती? ८ जानेवारी १९९२ ला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश तोक्योत सरकारी मेजवानीला बसले होते. दौरा धंद्याचाच होता, अमेरिकन मोटार कंपन्यांचे प्रमुख बरोबर होते, जपान्यांनी आमच्या गाड्या घ्याव्यात म्हणून. दुपारी बादशहा आणि युवराजांबरोबर टेनिस खेळून हरले होते, पोटात फ्लू शिरलेला होता. पंक्तीत बसल्या बसल्या ते शेजारच्या पंतप्रधान मियाझावांच्या मांडीवर ओकले आणि घेरी येऊन पडले. मियाझावांनी त्यांचं डोकं धरून ठेवलं. पुढे काय झालं? जपानीत काही काळ 'बुशु-सुरु', म्हणजे 'बुश करणे', असं एक क्रियापद चाललं. बाकी दोन्ही देश जागच्या जागी आहेत. २०१३ मध्ये बिल गेट्स सोलला गेले तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्याशी एका हाताने हस्तांदोलन केलं, दुसरा हात पँटच्या खिशात. दुसऱ्या दिवशी कोरियन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तो खिसा होता. त्यांच्या संगणकप्रणाली तिथे आजही चालतात.

माझ्या आठवणीतला सर्वांत मोठा पराक्रम एका इंग्रज कारखानदाराचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गिफूच्या डोंगरातली जुन्या धर्तीची सराय, यजमान कंपनीने दिलेली मेजवानी. दारात बूट काढायचे, लाकडी ओसरीवर सपाता घालायच्या, तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, खोलीत शिरताना त्याही बाहेर ठेवायच्या. इथपर्यंत गड्याला जमलं. मग तो संडासला गेला. संडासाच्या आत वेगळ्या सपाता असतात आणि त्यांनी आयुष्यभर आतच राहायचं असतं. हा परतला तो त्याच घालून. तपकिरी रेग्झिनच्या, टाचेकडून चार बोटं अपुऱ्या, आणि दोन्हींवर सोनेरी अक्षरांत ठसठशीत छापलेलं, 'तोइरे'. म्हणजे टॉयलेट. तातामीवरून, सतरा माणसांच्या पाठीमागून, चटक-फटक करत तो आपल्या जागेवर आला, आणि त्याची जागा मानाची, म्हणून दारापासून सगळ्यांत लांबची. कुणी काही पाहिलं नाही. म्हणजे सतरा माणसं एकदम आपापल्या वाटीतल्या सुपाकडे इतकी टक लावून बघायला लागली की मीही माझ्या वाटीत वाकून पाहिलं, काय पडलंय म्हणून. बसताना त्याने सपाता मागे सारल्या. सरायीची मालकीण गुडघ्यांवर सरकत आली, साकेची सुरई त्याच्यापुढे ठेवली, आणि परत जाताना तिच्या किमोनोच्या बाहीत त्या सपाता होत्या. त्याला पत्ताही नाही. ऑर्डर त्याला मिळाली. पुढे मी त्या यजमानांना जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा ते मायेने विचारायचे, 'आपले तोइरे-सान बरे आहेत ना?'

एक इटालियन तर ग्लास उंचावून खड्या आवाजात 'चिन चिन!' म्हणाला होता. इटलीत ते 'चिअर्स'. जपानीत लहान मुलाच्या त्या अवयवाचं लाडाचं नाव. समोर ऐंशीचे अध्यक्ष. ते ग्लास खाली ठेवून इतके हसले की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं, आणि ती संध्याकाळ तिथपासून सुधारली.

तेव्हा चूक होताना थांबवू की नंतर निस्तरू, याला माझं उत्तर: चारचौघांत थांबवायचं नाही. तू कानाशी लागलीस की समोरच्यांना दोन गोष्टी दिसतात. एक, पाहुणा चुकला, हे आता सगळ्यांना माहीत असल्याचं सगळ्यांना माहीत झालं. दुसरी, त्याच्या हाताखालच्या मुलीने त्याला टोकलं. पहिलीवर त्यांनी सूप बघून पडदा टाकला असता. दुसरीवर टाकता येत नाही. 'आई होऊ नकोस' हे साहेब उद्धटपणे बोलले, पण दुखलं ते खरं दुखलं.

निघायच्या आधी मात्र बेलाशक सांग. जर्मन माणसाला नियम सांगितला तर राग येत नाही, उलट बरं वाटतं. ज्या देशात रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर माणूस पायी चालणाऱ्यांचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभा राहतो, तिथला आहे तो. (जपानीही तसेच थांबतात. या दोघांचं जमायला हवं खरं. मधे आपणच तेवढ्या, दिवा बघत नाही, गाडी बघतो.) म्हणून 'साहेब, वाईट वाटून घेऊ नका हं' अशी सुरुवात नको. दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेतच एक रकाना घाल. सकाळी दहा, भेट. कार्ड दोन्ही हातांनी, वाचायचं, टेबलावर समोरची माणसं बसलीत त्या क्रमाने मांडायचं, उठताना वरच्या खिशात. तुला सोपं जाईल: आपण तीर्थप्रसाद घेतो त्याच अदबीने. दुपारी एक, जेवण. काड्या आडव्या, ठेवणीवर. टीप नाही, बिलावर जे आहे तेच. नाक शिंकरायचं असेल तर बाहेर जाऊन. टॅक्सीच्या मागच्या दाराला हात लावायचा नाही, ते ड्रायव्हर आतूनच उघडतो आणि मिटतो. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिही. कारण नसलेला नियम जर्मन माणसाला पचत नाही.

वाकण्याचं शिकवू नकोस. ते हस्तांदोलन करतील, तेच पुरे, सोबत मान थोडी लववावी. २००९ मध्ये ओबामांनी बादशहा आकिहितोंशी हातही मिळवला आणि त्याच वेळी कमरेतून काटकोनातही वाकले. अमेरिकेत त्यावर आठवडाभर गदारोळ झाला आणि जपान्यांनाही ते विचित्रच दिसलं, कारण दोन्ही एकदम कुणी करत नाही.

एक खूण मात्र ठरवून ठेव. मी आणि माझे एक नेहमीचे पाहुणे यांच्यात अशी होती की मी माझा चहाचा कप डावीकडून उजवीकडे ठेवला की त्यांनी बोलायचं थांबायचं. का, ते नंतर गाडीत. वीस वर्षांत मी तो कप दहा-बारा वेळाच हलवला असेन, आणि एकदाही काड्यांसाठी किंवा नाकासाठी नाही.

आता तुझं शेवटचं वाक्य. तू ते 'बाकी काम ठीक आहे' म्हणून जाता जाता लिहिलंस.

ओसाकात एका अमेरिकन कंपनीच्या उपाध्यक्षाबरोबर मी बसले होते. त्याने दीड तास माल दाखवला, दर सांगितला. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी मान किंचित कलती केली, दातांमधून 'स्स्स' असा श्वास आत ओढला आणि म्हणाले, 'केन्तो शिमासु.' मी शब्दाला शब्द दिला: आम्ही याचा अभ्यास करू. दुभाष्याने आपल्या पदरचं घालू नये, असं आम्हाला शिकवलेलं. हॉटेलात पोचल्या पोचल्या त्याने अमेरिकेला फोन लावला आणि शॅम्पेन मागवली. मलाही एक ग्लास दिला. मी तो प्यायले. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. तो नकार होता, हे त्या खोलीत त्याच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं, अगदी चहा आणणाऱ्या मुलीलासुद्धा. सहा महिने तो फोनची वाट बघत होता, दर पंधरा दिवसांनी आठवण करून देत होता, आणि दर आठवणीगणिक समोरचे आणखी अवघडत होते.

आता मला सांग, मुलीकडच्यांना 'पत्रिका बघून कळवतो' असा निरोप आला आणि पुढे सात महिने काहीच आलं नाही, तर आपल्याकडे कुणी हॉल बुक करतं का? आपण काय समजायचं ते समजतो. पत्रिका तर जुळत नाहीच, पण तसं तोंडावर म्हणून कोण कुणाला दुखावणार. तुझ्या साहेबांनी हॉल बुक केलाय, आणि तू मराठी घरात वाढलेली, तरी तुला ते 'कळवतो' ऐकू आलं नाही. जपानीत आलं म्हणून की काय कोण जाणे. 'मुझुकाशिइ देसु ने', जरा अवघड आहे, हेही तेच. 'हाय' म्हणजे 'हो' असं तू पाठ केलं असशील, पण मीटिंगमध्ये त्याचा अर्थ बहुधा 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच. आपल्या 'हं… हं'सारखा. सुझौला 'यानज्यू यानज्यू' ऐकू येईल, म्हणजे 'बघू, अभ्यास करू'. तिथे त्यावर जुना विनोद आहे की याच उच्चारात 'सिगारेट आणि दारू' हेही येतं, म्हणजे त्याशिवाय अभ्यास पुढे सरकायचा नाही.

नकारच असेल असंही मी इथे बसून म्हणणार नाही. ओळखायची एक खूण आहे. जपानी गिऱ्हाइकाला खरोखर घ्यायचं असतं तेव्हा प्रश्नांचा पाऊस पडतो. पॅकिंगला कुठली टेप लावता, गंज येऊ नये म्हणून कुठलं तेल, ते उन्हाळ्यात समुद्रातून येताना टिकेल का, मागच्या तीन वर्षांत किती नग परत आले आणि का. जीव नकोसा करतात. मार्चपासून असा एकही प्रश्न आला असेल तर आशा ठेव. नुसतंच 'आपली प्रकृती कशी आहे, इकडे पानं लाल व्हायला लागली' असं येत असेल तर आकड्यातून ती ऑर्डर काढा.

नोव्हेंबरपर्यंत थांबू नकोस. समोर तुझ्याच पायरीवरचं कुणीतरी असेल, जिच्याशी किंवा ज्याच्याशी तू रोजचे मेल करतेस. त्या माणसाला फोन कर. 'ऑर्डर येणार का' असं विचारू नकोस, त्याला फक्त 'बघतो' हेच उत्तर देता येईल. विचार, 'या भेटीला आम्ही कसली तयारी करून यावं, म्हणजे तुम्हाला सोयीचं होईल?' याला ते लोक 'नेमावाशी' म्हणतात. मूळ शब्द माळ्यांचा: मोठं झाड हलवायच्या आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणून ठेवणं. आपल्याकडे याद्यांची बैठक असते ना, तसंच. याद्यांना बसल्यावर कुणी 'मुलगी पसंत नाही' म्हणत नाही, ते सगळं आधीच मामाने, आत्याने, मधल्या माणसाने बोलून ठेवलेलं असतं. नागोयाची मीटिंग म्हणजे याद्या. तुझे साहेब तिथे मागणी घालायला जातायत.

फोनवर जे कळेल ते साहेबांना एकट्याला गाठून, दार लावून सांग. मार्चपासून आलेले मेल तारखेनिशी पुढे ठेव. 'मला वाटतं'ने सुरुवात करू नकोस, त्यांना तारखा दाखव. कदाचित चिडतील. चिडू देत. तुझ्याकडे धीर एकदाच पुरेल एवढा असेल तर तो टोप्यांवर खर्च करू नकोस, इथे कर. टोप्या तू गुपचूप गोदामात ठेवू शकतेस.

कप हलवायचा तो मीटिंगमधल्या शांततेसाठी. साहेबांनी दर सांगितला की समोरचे गप्प होतील. अर्धं मिनिट, कधी जास्तच. ते विचार करतायत, बस. पण पाश्चात्त्य माणसाला ती शांतता चटका बसल्यासारखी सहन होत नाही. माझ्यासमोर एकाने चाळीस सेकंदांत स्वतःहून पाच टक्के कमी केले, कुणी मागितलेलं नसताना, आणि तरीही समोरचे गप्पच म्हणून आणखी दोन. नंतर गाडीत त्यांच्यातला एक इंजिनिअर मला हळूच म्हणाला, पहिला दर मान्यच होता, आम्ही येनचा हिशेब करत होतो.

साहेबांना भाषणात विनोद सांगायची हौस असेल तर ती घरी ठेवायला सांग. जिमी कार्टर अध्यक्षपद सोडल्यावर जपानमधल्या एका कॉलेजात बोलायला गेले होते, त्यांनी छोटासा विनोद केला आणि सभागृह हसून लोटपोट. नंतर दुभाष्याला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मी त्यांना सांगितलं, अध्यक्ष कार्टरांनी एक गमतीची गोष्ट सांगितली आहे, सगळ्यांनी हसावं. हे कार्टर स्वतःच सांगायचे. मीही आयुष्यात दोनदा असं केलंय. तुझ्यावर वेळ आली तर खुशाल कर.

सुझौच्या जेवणात दारू येणार. साहेब बिअरच्या देशातले, त्यांना आपल्या पचनशक्तीची खात्री असेल, पण 'बायज्यू' ही पाण्यासारखी दिसते आणि तिच्यातल्या कित्येक बाटल्या पन्नास टक्क्यांच्या वर असतात. 'कानपेइ' म्हणजे ग्लास उलटा करायचा. प्यायची नसेल तर पहिल्या घोटाच्या आधीच 'डॉक्टरांनी मना केलंय' म्हणायचं आणि रात्रभर त्यालाच चिकटून राहायचं. चार ग्लासांनंतर डॉक्टर आठवले तर चालत नाही. जर्मनीत ग्लास भिडवताना डोळ्यांत बघायचं असतं, इथे आपला काठ मोठ्या माणसाच्या ग्लासाच्या काठाखाली ठेवायचा असतो. दोन्ही एकदम करायला गेले तर सांडेल, पण ते गोड दिसतं. जपानमध्ये मात्र ग्लास रिकामा दिसला की शेजारचा भरतोच. नको असेल तर तो भरलेला ठेवायचा, आपण पानावर हात आडवा धरतो तसं. सोलबद्दल फारसं सांगत नाही. वडीलधाऱ्याला ओतताना दुसरा हात टेकवावा, कुणाचं नाव लाल शाईने लिहू नये, आणि हात खिशाबाहेर.

तू खातेस काय ते लिहिलं नाहीस. शाकाहारी असशील तर जपानमध्ये भाजीच्या, सुपाच्या, अगदी नूडल्सच्या पाण्यातसुद्धा सुक्या माशाचा अर्क असतो, आणि 'यात मासा नाही ना' म्हटलं तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण तुकडा नसतो. चार दिवसांच्या दशम्या, मेतकूट आणि चिवडा बरोबर ने. सुटकेसमध्ये आता जागा झालीच आहे.

आणि क्योतोला एक दिवस फिरायला गेलात तर एवढं लक्षात ठेव: तिथे कुणी आग्रहाने 'थोडा चहा-भात घेता का?' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'आता उठा' असा, असं सगळा जपान सांगतो. खरंच कुणी असं म्हणतं की नाही, देव जाणे, मला तरी कुणी म्हटलं नाही. पण मी सदाशिव पेठेत वाढलेली, मला ते गाव पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही.

राहता राहिल्या टोप्या. कारखान्याच्या क्रिकेट सामन्यांना वाटून टाक. घड्याळं दिवाळीला स्टाफला दे, आपल्याकडे त्यांना काही दोष नाही. सुऱ्यांचा एक संच मला पाठवलास तरी चालेल. फक्त एक रुपया घ्यायला विसरू नकोस, माझी आई सुरी कुणाकडून फुकट घेत नसे.